बी साइडचं तिसरं गाणं

दक्षिण कसबा हा सोलापूरचा एक भाग. तिथल्या चार पोरांनी १९८९ साली बँड काढला तेव्हा नाव शोधत बसायचा कंटाळा आला म्हणून तेच नाव ठेवलं. दोन वर्षांनी पोरं पुण्याला गेली, आणखी चार वर्षांनी त्यांची गाणी कॉलेजच्या गॅदरिंगमधून टीव्हीवर गेली. आजही फंक ऐकणाऱ्या लोकांसमोर ‘दक्षिण कसबा’ म्हटलं की ते खुर्चीत सरसावून बसतात. त्या चौघांतला बेस गिटार वाजवणारा म्हणजे माझा मामा, कल्लप्पा कोनापुरे.

फंक म्हणजे काय हे मामाने मला मी सात-आठ वर्षांची असताना ताटावर चमच्याने वाजवून सांगितलं होतं. चार मात्रांतली पहिली मात्रा जड असते, बाकीच्या तीन तिच्या जिवावर मजा करतात. आणि सगळ्यांच्या खाली बेस चालत असतो. तो ऐकू येतोच असं नाही, पण थांबला तर नाचणाऱ्यांचे पाय थांबतात.

बेसवाल्याचं नशीबही साधारण तसंच असतं. बँडच्या सगळ्या पोस्टरवर मामा डाव्या कडेला उभा आहे आणि एका पोस्टरवर त्याचा अर्धा कान छपाईत कापला गेला आहे. लोकांना गायकाचं नाव माहीत असतं. मामाला ते ‘दक्षिण कसब्याचा बेसवाला’ म्हणतात. बँड बंद होऊन बारा वर्षं झाली, मामा साठीला आला, सोलापूरला परत येऊन राहिला, तरी एकही रेकॉर्ड अशी नाही की जिच्यावर त्याचं एकट्याचं नाव आहे.

ती निघायची वेळ मागच्या उन्हाळ्यात आली. बेंगळुरूची एक छोटी कंपनी जुनी गाणी नव्याने मोठ्या काळ्या तबकडीवर काढते. त्यांना मामाने बँडच्या बाहेर जे वाजवलं ते हवं होतं. पुण्यात बँड जोरात असतानाही मामा दर दोन-तीन महिन्यांनी सोलापूरला यायचा आणि इथल्या बारक्या स्टुडिओंत मिळेल ते वाजवायचा. ते सगळं कॅसेटवर गेलं आणि कॅसेटच्या कागदावर कधीही वादकांची नावं छापत नसत. म्हणून कंपनीची अट होती: गाण्यांची यादी द्या आणि प्रत्येक गाण्यात बेस कल्लप्पांचाच आहे याचा काहीतरी पुरावा द्या.

माझी भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. नुकतीच संपली होती. प्रोजेक्ट ध्वनीवर होतं. आई म्हणाली, “घरात बसून पंखा बघण्यापेक्षा अण्णाचं काम कर.” अण्णा म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा.

मी काम सुरू केलं. मामाच्या बोटांची एक सवय मोजता येते, हे मला पहिल्याच आठवड्यात सापडलं. तो पहिली मात्रा इतरांपेक्षा जराशी आधी वाजवतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी आधी. तो हे मुद्दाम करत नाही आणि करतो हे त्याला माहीतही नव्हतं. ही सवय, जुने फोटो, स्टुडिओच्या वह्या आणि हयात असलेल्या लोकांचे फोन, एवढ्यावर मी यादी उभी करत गेले.

“दानू, किती झाली गं?” मामा रोज संध्याकाळी येऊन विचारायचा.

“एक्केचाळीस.”

“एवढीच? शंभर तरी असतील की.”

“तू सांगितलेली एकशेसात आहेत, मामा. सिद्ध झालेली एक्केचाळीस.”

“म्हणजे साठ-सत्तर गाणी मी झोपेत वाजवली.”

“काही तू वाजवलीच नाहीत. अकलूजच्या दूध डेअरीच्या जाहिरातीत बेस नाहीच. पेटी आहे.”

“मग ती पेटी लई चांगली वाजवली होती मी,” असं म्हणून तो आईच्या हातची भाकरी खायला आत गेला.

यादी मात्र खरोखर बघण्यासारखी होती. लिंगायत संतांच्या कन्नड वचनांच्या पाच कॅसेटी. पद्मशाली घरांतल्या लग्नात लावायची तेलुगू गाणी. दोन कव्वाल्या. वेळापूरच्या कुस्त्यांच्या मैदानाची रिक्षावर फिरवायची जाहिरात. एका शाळेची प्रार्थना, जिच्यावर मुलं नाचायला लागली म्हणून मुख्याध्यापकांनी ती बंद केली. आणि एकाच निवडणुकीतल्या दोन विरुद्ध उमेदवारांची दोन प्रचारगीतं, दोन्हींत बेस तोच, सूरसुद्धा तोच.

पण कंपनीला या सगळ्यापेक्षा एक गाणं जास्त हवं होतं. कन्नड सीमेवरच्या दुधनी गावच्या अंबुबाई नावाच्या गायिकेची १९९६ सालची एक कॅसेट होती. तिच्या बी साइडचं तिसरं गाणं, यल्लम्माचा जोगवा. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी ते इंटरनेटवर टाकलं, खाली लिहिलं की यातला बेस दक्षिण कसब्याच्या बेसवाल्याचा आहे, आणि ते जगभर ऐकलं गेलं. लोक त्याला नुसतं ‘दुधनी’ म्हणतात. बेस वाजवणारी पोरं ते शिकायचा प्रयत्न करतात आणि आपले व्हिडिओ टाकतात. त्यात खालचा सूर असा काही घसरत वर जातो आणि पुन्हा लोळत खाली येतो की ऐकणाऱ्याचं पोट हलतं. कंपनी हेच गाणं पहिलं लावणार होती.

“हे तर मीच,” मामा म्हणाला होता. “मला अजून हात आठवतो. शनिवार होता. मी सकाळच्या गाडीची वाट न बघता रात्रीच्या एस्टीने आलो होतो.”

म्हणून मी ते गाणं शेवटी ठेवलं होतं. ज्यात शंका नाही ते मोजायची घाई नसते.

मोजलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.

बेस गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यामुळे वादकाने बोट तारेवरून सरकवत नेलं तरी सूर एकेका पट्टीवर थांबत थांबत चढतो. त्याचा आलेख काढला तर जिना दिसतो. अंबुबाईच्या कॅसेटमधल्या पहिल्या पाच गाण्यांत असे जिने आहेत. सहाव्यात, म्हणजे बी साइडच्या तिसऱ्यात, एकही जिना नाही, फक्त उतार आहेत, सरळ, गुळगुळीत, घसरगुंडीसारखे. तार ओढून थोडासा उतार गिटारवरही काढता येतो, पण एवढा लांब नाही. आणि पहिली मात्रा आधी येत नव्हती. ती अगदी वेळेवर येत होती.

मी दुसरी कॅसेट मिळवली. तिसरी मिळवली. कॅसेट वेगात चालत असेल म्हणून वेग दुरुस्त केला. एकूण सहा वेळा मोजलं. सातव्या वेळी हेडफोन लावून डोळे मिटून नुसतं ऐकलं, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ती कॅसेट साखर पेठेत, यंत्रमागांच्या गल्लीतल्या एका स्टुडिओत भरली होती. भिंतींना चादरी ठोकलेल्या असल्या तरी मागांची खडखड आत यायचीच, आणि मामाच्या बेसच्या स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकमध्ये तीही भरली जायची. पहिल्या पाच गाण्यांत बेसच्या मागे माग चालू आहेत. सहाव्यात माग नाहीत.

त्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असायचे. मामा आला होता शनिवारी.

खालचा तो सूर चौंडक्याचा होता. यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्यांकडे असतं ते वाद्य: काखेत धरायचं लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्याने तिचा ताण कमीजास्त करायचा. पट्ट्या नाहीत, म्हणून जिना नाही.

मी दोन दिवस मामाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या राजनंदिनीचा फोन आला. ती मूळची पुण्याची, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल, कामाला चोख. मी तिला आलेख पाठवले.

तिने ते एकेक करून उघडले. मग म्हणाली, “दानेश्वरी, मी खरं सांगू का? बाकीची चाळीसेक गाणी मला आवडतात. पण आमच्या ऑफिसने ही रेकॉर्ड या एका गाण्यावर मंजूर केलीय. ते त्यांचं नसेल तर मला पुन्हा विचारावं लागेल. आणि उत्तर काय येईल ते मला माहितेय.”

“किती दिवस आहेत?”

“शनिवारपर्यंत पाठव काय ते.”

संध्याकाळी मामा आला. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, पाचव्या गाण्यातला जिना दाखवला, सहाव्यातला उतार दाखवला, आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं.

“मशीनला काय कळतंय,” तो म्हणाला.

त्याने जाऊन गिटार आणली, गाणं लावायला सांगितलं आणि सोबत वाजवू लागला. सूर सगळे बरोबर होते. फक्त घसरायची जागा आली की त्याचा सूर खडखडत पायऱ्या चढायचा आणि कॅसेटमधला अलगद वर निघून जायचा. त्याने तार ओढून बघितली. तीनदा बघितली. मग गिटार मांडीवर आडवी ठेवली.

“चंद्रव्वा,” तो म्हणाला.

“कोण?”

“अंबुबाईची धाकटी बहीण. चौंडकं ती वाजवायची. त्या स्टुडिओत आधी एक-दोनदा भेटलो होतो. मी शनिवारी गेलो तेव्हा दोघी घरी गेल्या होत्या, त्यांचं आदल्या दिवशी भरून झालं होतं. बाळासोनं मला ते ऐकवलं.” बाळासो म्हणजे स्टुडिओचा मालक. “ऐकलं आणि म्हटलं, याच्यावर आपण काय वेगळं वाजवणार? ती जे वाजवतेय तेच मी खाली वाजवलं. सुराला सूर. म्हणून मला फरक कळला नाही.” त्याने लॅपटॉपवरचा उतार पुन्हा बघितला. “म्हणजे माझं काढून टाकलं आणि तिचं तेवढं ठेवलं.”

“तांत्रिक कारण असेल,” मी म्हणाले. “ट्रॅक बिघडला असेल.”

“पाच गाण्यांत नाही बिघडला.”

आईने आतून विचारलं, “अण्णा, भाकरी एक का दोन?” मामा म्हणाला, “नको.” आई स्वतः बाहेर आली. मामाने भाकरीला नको म्हणणं आमच्या घरात पहिल्यांदा घडत होतं.

रेकॉर्ड निघाली नाही तर काय, हा विचार त्याच्या तोंडावर होताच. पण त्याला छळत होतं ते वेगळं होतं, आणि ते त्याने रात्री जाताना चपला घालता घालता विचारलं. “दानू, मी वाईट वाजवलं असेल का गं?”

याला आलेख नव्हता. बाळासो आता साखर पेठेतच फ्लेक्स छापतो. मी त्याला सकाळी फोन केला. अंबुबाई आठ वर्षांपूर्वी गेली, असं तो म्हणाला. बाकी त्याला काही आठवत नव्हतं, टेप तर त्याने तेव्हाच पुसून वर दुसरं भरलं होतं. पण चंद्रव्वा दुधनीत आहे, आडत बाजाराच्या मागच्या बोळात, कुणालाही विचारा, एवढं मात्र त्याने सांगितलं.

शुक्रवारी आम्ही दुधनीला जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलो. मी रेकॉर्डर आणि दोन माइक घेतले होते, तिचं म्हणणं नीट भरून घ्यावं म्हणून. मामाने गिटार आणि बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर घेतला होता.

“गिटार कशाला?” मी विचारलं.

“गाडीत जागा हाय की,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

चंद्रव्वाचं घर लगेच सापडलं. ती ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, काटक, कपाळभर भंडारा. मामा समोर जाऊन उभा राहिला. तिने सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला आणि नीट बघितलं.

“पुण्याचा तू. गिटारवाला,” ती म्हणाली. “यप्पा! केस कुटं गेले तुझे? हितपर्यंत होते की!” तिने हात कमरेला लावून दाखवला.

“गेले. तुम्ही ओळखलंत कसं मग?”

“पेटी हाय की पाठीवर. आन् तोंड तसंच हाय, उपाशी. कूडरी, कूडरी, बसा.”

आम्ही बसलो. तिने पाणी दिलं, मी कोण ते विचारलं, लग्न झालंय का विचारलं, नाही म्हटल्यावर बरं केलंस म्हणाली. मग मामाने सरळ विचारलं.

“चंद्रव्वा, बाळासोच्या कॅसेटमध्ये शेवटचं गाणं. जोगवा. त्यात मी वाजवलेलं काढून टाकलंय. तुम्हाला माहिती आहे?”

“माहिती? मीच काढायला लावलं.”

मी मामाकडे बघायचं टाळलं.

“आमी शुक्रवारी आलो की नाय,” चंद्रव्वा सांगू लागली, “तवा परडी मधी ठेवली.” तिने हाताने दारातून आत दाखवलं. देव्हाऱ्याखाली वेताची एक उथळ टोपली होती, हळदीने पिवळी पडलेली. “देवीचं गाणं म्हणायचं तर ज्यो त्यात हात लावणार त्यानं परडीत पसाभर पीठ घालायचं. बाळासोनं घातलं. तबल्यावर एक बुवा होता, त्यानं घातलं. दारात चहा घिऊन आला त्या माणसानंबी घातलं, त्याला तर काय वाजवायचं पन नव्हतं. आन् तू आलास शनवारी. परडी आमच्यासंगं घरी. तुझं पीठ न्हाय. सोमवारी बाळासोनं गाणी ऐकवली, सगळ्यात तू. मी म्हणलं, बाकीच्यात ठिव. ह्याच्यातलं काढ.”

“बाकीच्या पाच गाण्यांत चाललं?” मी विचारलं.

“ती मानसांची गाणी की गं. एक लग्नाचं, एक लेकराला झोपवायचं. त्यात कोनबी वाजवावं. हे तिचं हाय.”

“मला सांगायचं होतं,” मामा म्हणाला. “मी घातलं असतं.”

“तू गेलतास पुन्याला. पिठासाठी काय तार करू?”

मामा हसला, पण पुरता नाही. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून तो त्यात बघत होता. “म्हणजे वाईट वाजवलं म्हणून नाही काढलं.”

“वाईट?” तिने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने तिलाच काहीतरी नावं ठेवली होती. “आक्का माझ्याशी भांडली त्याच्यावरनं. म्हणली, ठिव गं, पोरगं चांगलं वाजवतंय, पाळण्यात बसल्यागत वाटतंय. दोन दिस बोलली न्हाय माझ्याशी. मीच अडून बसले. नेम म्हंजे नेम.”

मामाने तांब्या उचलून घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. मग मिशी पुसली आणि विचारलं, “आता घातलं तर चालतंय का?”

“घाल की. तिला काय गडबड हाय?”

तो उठला आणि मला काही न सांगता बोळातून बाहेर गेला. पाऊण तासाने आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. बाजारातून ज्वारी घेऊन, गिरणीत नंबर लावून, गरम गरम दळून आणली होती. पाच किलो.

“पसाभर म्हणलं मी,” चंद्रव्वा म्हणाली. “तू काय एकोणतीस वर्साचं याज आनलंस?”

“उरलेलं तुम्हाला भाकरीला.”

त्याने हातपाय धुतले, ओंजळ भरली आणि परडीत पीठ सोडलं. चंद्रव्वाने त्याच्या कपाळाला भंडारा लावला, माझ्याही लावला. मी म्हणाले मी काही वाजवणार नाही. ती म्हणाली, “ते यंत्र तूच लावणार की न्हाय? मग तुझाबी हात लागतोय. घाल.” मीही ओंजळभर घातलं. मग तिने खुंटीवरचं चौंडकं काढलं.

मी एक माइक तिच्यासमोर आणि एक मामाच्या स्पीकरसमोर ठेवला. आवाजाची पातळी बघून घेतली. बाजारात हमाल कुणाला तरी ओरडत होते, ते भरलं जाणार होतं, इलाज नव्हता.

तिने तार छेडली आणि मला पहिल्यांदा कळलं की कॅसेटने त्या आवाजातलं निम्मं खाऊन टाकलं होतं. फरशीतून पायाला जाणवत होतं. ती हळू आवाजात म्हणू लागली, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मामाने चार आवर्तनं ऐकली आणि गिटार सुरू केली, सुराला सूर, जसं त्याने तेव्हा केलं होतं.

तिसऱ्या ओळीला चंद्रव्वा थांबली.

“माजंच काय वाजवाय लागलास?”

“तेव्हाही हेच वाजवलं होतं.”

“व्हय, ठाऊक हाय. एक म्हातारी हाय की वाजवाय, दुसरी कशाला? तू पुन्याला काय वाजवत हुतास ते वाजव.”

“ते या गाण्यात बसणार नाही.”

“तू पयला बस. मग ते बसंल.”

मामाने तारा पुसल्या. हे तो वेळ काढायचा असला की करतो. मग तिने पुन्हा सुरुवात केली आणि यावेळी त्याने बराच वेळ काहीच वाजवलं नाही. मला वाटलं, त्याला जमत नाहीये. मग एका आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर त्याने एकच सूर टाकला, जड, आणि सोडून दिला. पुढच्या तीन मात्रा तिच्या. पुन्हा पहिलीवर एक. पुन्हा सोडला. तिचं चौंडकं मोकळ्या जागेत वर घसरलं, लोळलं, खाली आलं, आणि खाली आलं तेव्हा मामा तिथे होता. मग हळूहळू त्याने दुसरे सूर आणले, कधी दोन, कधी तीन, तिच्या उतारांच्या मधल्या फटींत बसतील एवढेच. चंद्रव्वाचा आवाज वाढला. ओट्यावर शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या आणि त्यातल्या एकीचा गुडघा हलू लागला.

मी हेडफोनमध्ये ऐकत होते. मामा पहिली मात्रा जराशी आधी वाजवत होता, नेहमीसारखी. चंद्रव्वा वेळेवर. दोघांमधल्या त्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात काहीतरी होत होतं, ते मी नंतर बऱ्याच पद्धतींनी मोजलं आणि एकाही पद्धतीने मला ते नीट सांगता आलेलं नाही.

सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी चंद्रव्वाने तारेवर तळवा ठेवला.

“आता हाईस तू ह्यात,” ती म्हणाली.

मी तिथेच बसून ते राजनंदिनीला पाठवलं आणि सोबत लिहिलं: जुनं गाणं कल्लप्पांचं नाही, त्यात चौंडकं आहे, वाजवणाऱ्या चंद्रव्वा. यादीतून ते काढलं आहे. नवीन गाणं दोघांचं आहे. पुरावा, मी समोर होते.

आम्ही भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण जेवलो. मामाने तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुवून होतात तोवर राजनंदिनीचा फोन आला. मी आवाज मोठा केला.

“हे पहिलं लागणार,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच घाईत बोलताना ऐकत होते. “ऑफिसात चारदा लावलं. मागे हमाल ओरडतायत तेसुद्धा ठेवायचंय. फक्त एक अडचण आहे. रेकॉर्ड कल्लप्पांच्या एकट्याच्या नावाने निघणार होती. आता पहिलंच गाणं दोघांचं आहे, तर...”

“तर कव्हरवर चंद्रव्वाचं नाव वर टाका,” मामा म्हणाला. “माझं खाली.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“काय बघतेस? बेस खालीच असतो,” तो म्हणाला. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. तो दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेने काढत होता, आणि मोठं मन दाखवणारा माणूस ते करत नाही.

“चालेल,” राजनंदिनी म्हणाली. “चंद्रव्वा आजी, तुमची परवानगी हवी. नाव छापायला, गाणं छापायला. आणि त्याचे पैसेही तुम्हाला मिळतील, ते मी कागदावर पाठवते.”

“छापा,” चंद्रव्वा फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाली. “आक्काचंबी नाव घाला. गानं तिच्या तोंडचं हाय.”

“नक्की. आणि कव्हरवर आम्ही यल्लम्माचं एखादं जुनं चित्र वापरलं तर? फार सुंदर दिसेल.”

“न्हाय न्हाय. देवीचं नको.” ती एकदम ताठ झाली. “लोक कुटंबी ठिवतात. खाली ठिवतात. पाय लागतोय.”

“बरं, मग तुमचा फोटो घेऊ?”

चंद्रव्वाने विचार केला. “मला तरी कशाला पाय लावून घ्यायचाय ह्या वयात?”

“मग काय टाकायचं, आजी? कव्हर कोरं तर नाही ठेवता येणार.”

चंद्रव्वाने हनुवटीने मामाकडे दाखवलं. “ह्याचा टाका की. ह्याला लागला तर चालतंय.”

ओट्यावरच्या बायका हसल्या, फोनमधून राजनंदिनीही हसली. मामाने गिटार सांभाळून भिंतीला टेकवली, अंगणात उजेडाला जाऊन उभा राहिला आणि शर्टाची वरची गुंडी लावली.